बर्फकाकांचा कळप

आमच्या मागच्या खोलीत एक भाडेकरू होते. त्यांनी त्या खोलीत राहण्याखेरीज सगळं केलं.

खोली चांगली आहे. दहा बाय बारा, वर मंगलोरी कौलं, नळ आत. पण हे गृहस्थ उन्हाळ्यात काजूखाली झोपत, पावसाळ्यात आमच्या पुढच्या पडवीत आणि थंडीत गोठ्याच्या आडोशाला, कारण तिथे आमच्या तांबू गायीची ऊब लागते. खोलीत फक्त त्यांचं सामान राही, आणि तेही बांधलेलं.

"काका, भाडं खोलीचं देता आणि झोपता बाहेर. मला घ्यायला लाज वाटते."

"मग घेऊ नका."

लाज वाटत राहिली आणि मी घेत राहिले. यजमान मुंबईला नोकरीला, गणपतीला आणि शिमग्याला येतात, बाकीचं वर्ष घर, गाय, काजू आणि हिशोब माझ्याकडे. एवढ्या बाबतीत लाजून चालत नाही.

वाडीत त्यांना बर्फकाका म्हणत. तोंडावर नुसतं काका, पाठीमागे बर्फ. आमच्याकडे बर्फ म्हणजे बंदरावर मासळीवर टाकतात तो. ह्यांचा वेगळा. ते जहाजावर कुक होते. एकदा नॉर्वेच्या पार वरच्या टोकाला त्यांचं अपेंडिक्स दुखायला लागलं. जहाजाने त्यांना तिथल्या इस्पितळात उतरवलं आणि जहाज गेलं पुढे. शेजारच्या खाटेवर पाय मोडलेला एक सामी होता. सामी म्हणजे रेनडिअर पाळणारे तिथले लोक. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, त्यामुळे भांडण झालं नाही. पाय बरा झाल्यावर त्याने ह्यांना आपल्या घरी नेलं. आणि घर म्हणाल तर ते चालत होतं. कळप हिवाळ्यात आतल्या भागात, उन्हाळ्यात समुद्राकडे, आणि माणसं, कुत्री, भांडी, तंबू, म्हाताऱ्या असं सगळं त्याच्या मागे.

तिथे ते सात महिने होते. पासपोर्टवरचे शिक्के बघून मी स्वतः हा आकडा काढला आहे. गोष्टी मात्र वीस वर्षांच्या होत्या. एकाच वसंतात त्यांनी तीन वेगवेगळ्या नद्या गोठलेल्या ओलांडल्या आणि दोन वेळा त्यात पडले, असं मी जोडून पाहिलं तर निघत होतं. मी तसं बोलून दाखवलं, तर म्हणाले, "दुसऱ्यांदा पडलो ते बघायला, पहिल्यांदा का पडलो."

सात महिन्यांनी त्यांची जी मोडतोड झाली ती मात्र खरी होती. वजनाचं त्यांचं माप किलो नव्हतं, रेनडिअर होतं. एका रेनडिअरच्या पाठीवर साधारण चाळीस किलो लादतात, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे माझा फ्रीज दीड रेनडिअर. सासूबाईंचं लोखंडी कपाट चार रेनडिअर, "आणि ते चारही रडत जातील." आमच्या पाहुण्यांपैकी एक बाई दोन रेनडिअरच्या आहेत असं त्यांनी त्यांच्यासमोर सांगितलं. त्या पुन्हा आल्या नाहीत. मला त्याचं फार दुःख झालं असं नाही. त्यांचं स्वतःचं सगळं सामान मी एकदा काजूच्या काट्यावर चढवलं. तवा, ताडपत्री, कोयता, दोन लेंगे, कॉफीची किटली धरून अडतीस किलो भरलं.

"लग्न नाही केलंत?" शेजारच्या काकूंनी त्यांना विचारलं होतं. शेजारच्या काकूंना विचारायला काही वाटत नाही.

"केलं होतं. वजनात बसलं नाही."

ह्यावर हसावं की नाही ते आम्हाला दोघींना कळलं नाही. ते कॉफी ओतत होते. काळी कॉफी, साखरेऐवजी चिमूटभर मीठ. ती पिणारे वाडीत ते एकटेच.

आमच्या यजमानांनाही त्यांनी सोडलं नाही. गणपतीला हे आले, पाच दिवस मोदक खाल्ले, सहाव्या दिवशी बॅग भरू लागले. काका पडवीतून म्हणाले, "वहिनी, तुमचे मालकही ऋतूचेच. दोनदा येतात, चरतात, जातात."

हे रागावले. मी आत जाऊन हसले. शिमग्याला पालखी घरोघर निघाली तेव्हा तर देवावरच घसरले: "बघा, देवाला कळतं. वर्षभर एका जागी बसून त्याचेही गुडघे धरतात." पालखी खांद्यावर घेतलेल्या माणसाने त्यांना दिलेली शिवी मी लिहीत नाही.

आता मुख्य गोष्ट. ते नवीन होते तेव्हा मी सहज विचारलं होतं, "त्या तुमच्या सामीकडे रेनडिअर किती होते?"

मला कोणी काही सांगितलं की माझ्या तोंडात पहिला प्रश्न तोच येतो. काकांनी किटली खाली ठेवली.

"असं विचारायचं नसतं."

"का हो? गुपित आहे?"

"गुपित कसलं. मी पण विचारलं होतं. इस्पितळातून बाहेर पडल्यावर पहिल्याच दिवशी. तो गप्प झाला, त्याची बायको गप्प झाली, कुत्रंसुद्धा गप्प झालं. संध्याकाळी त्याच्या मुलीने खुणेने समजावलं. तुझ्या बँकेत किती आहेत ते सगळ्यांसमोर विचारतोस का, म्हणाली. कळप हे त्यांचं सगळं. मोजलं की नजर लागते, कमी होतो, असंही म्हणतात म्हातारे."

"मग विचारायचं तरी काय?"

"गवत कसं आहे, हे विचारायचं. तिथे गवत नाही, शेवाळ असतं, बर्फाखाली. पण विचारायचं तेच. त्यात सगळं येतं."

मी मान हलवली. मनात आलं, ह्या माणसाला आकड्यातलं काही कळत नाही. मग भाडं बरोबर एक तारखेला कसं येतं, हेही मनात आलं.

गुरांचं प्रकरण त्यांच्या दुसऱ्या पावसाळ्यात झालं. आमच्याकडे रस्त्यावर मोकाट गुरं किती आहेत ते इथल्या माणसाला सांगायला नको. पॉवर टिलर आले तसे बैल रिकामे झाले, गायी आटल्या की लोक सोडून देतात. पावसाळ्यात ही सगळी मोठ्या रस्त्यावर मधोमध बसतात. त्या वर्षी ठरलं की गणपतीला चाकरमान्यांच्या गाड्या यायच्या आत रस्ता मोकळा करायचा. ट्रक येणार, बेवारस गुरं उचलणार आणि घाटावर कुठल्याशा गोशाळेत नेऊन सोडणार.

काका आठवडाभर गुरांच्या मागे फिरले. हाकायला नव्हे, नुसते मागे. गुरं एस.टी. स्टँडवर गेली की हे एस.टी. स्टँडवर, गुरं भाजी मंडईत गेली की हेही मंडईत, आणि मंडईत मार ह्यांनाच बसला, कारण गुरं पळाली आणि हे उभे राहिले. परत आले ते एक शोध लावून.

"वहिनी, ती माजून रस्त्यावर बसत नाहीत. खाली चिखल आहे, गोमाश्या आहेत. रस्ता कोरडा आणि ट्रक गेला की वारा लागतो. रेनडिअर डासांना कंटाळून डोंगरावर चढतो, वाऱ्याला. ह्यांना डोंगर सापडला नाही, हायवे सापडला."

वाऱ्याचा डोंगर आमच्याकडे होता. सड्यावर, म्हणजे वाडीच्या वरच्या उघड्या पठारावर, आमच्या मालकीचा कातळाचा एक मोठा तुकडा आहे. त्यावर झाड येत नाही, म्हणून सासरेबुवा त्याला आमची सोन्याची खाण म्हणत. पावसात मात्र कातळावर गुडघाभर गवत, खळग्यांत पाणी, आणि वारा असा की छत्री घेऊन जाणारा माणूस छत्रीशिवाय परत येतो.

"न्या की मग," मी म्हटलं. "जागा पडूनच आहे."

"नेता येत नाहीत. पुढे कोणीतरी लागतं. गाभण मादी पुढे निघते आणि कळप तिच्या मागे. तिला कळतं कुठे जायचं." आणि त्यांनी गोठ्याकडे पाहिलं.

तांबूला तेव्हा शेवटचा महिना होता.

"अजिबात नाही," मी म्हटलं. "सड्यावर बिबट्या आहे."

"तिकडे लांडगे होते."

"तुमच्या तिकडच्या लांडग्यांनी माझी गाय खाल्ली नव्हती काका."

चार दिवस हे चाललं. पाचव्या दिवशी ट्रक आल्याचं काकूंनी सांगितलं. पहिली खेप भरली होती, त्यात आमच्या शाळेच्या कोपऱ्यावर बसणारा एक शिंगमोडका बैल होता. त्याला मी रोज बघत होते. काकांनी त्या दिवशी किटली चढवली नाही. मी दावं सोडून त्यांच्या हातात दिलं आणि सांगितलं, "वासरू जगलं पाहिजे. बाकी तुमचं तुम्ही बघा."

सकाळी तांबूला घेऊन ते मोठ्या रस्त्यावर गेले. तिला गुरांच्या मधून फिरवली, तोंडाशी मीठ धरलं, बाकीच्यांनाही थोडं थोडं चाटवलं आणि दावं सोडून दिलं. मीठ हे त्यांचं तिकडचंच शिक्षण. तांबू खरंच पुढे निघाली. एकेक उठून तिच्या मागे लागलं. काका सर्वांत शेवटी, हात पाठीमागे. रस्त्याकडेचे लोक हे बघायला उभे राहिले होते म्हणतात, आणि एका रिक्षावाल्याने टाळ्या वाजवल्या.

मी घरी तांदूळ निवडत होते. फाटक करकरलं. बघते तो तांबू आत येते आहे, तिच्या मागे दुसरी गाय, तिच्या मागे एक खोंड, आणि मग पूर्ण मोठा रस्ता. खळ्यात, पडवीत, काजूखाली, विहिरीशी, जागा मिळेल तिथे गुरं. माझं अळू गेलं, जास्वंद गेली, दोरीवरचा यजमानांचा एक बनियन गेला. शेवटी काका आले आणि फाटकात थांबले.

"काका! हा तुमचा सडा काय?"

शेजारच्या काकू दगडी गडग्यावरून ओरडल्या, "काय गो वैनी, डेअरी काढलीस? सांगितलं नाय ते!"

काका बराच वेळ तांबूकडे बघत होते. ती गोठ्यात जाऊन आपल्या जागी उभी राहिली होती.

"बरोबर आहे तिचं," ते म्हणाले. "वसंतात गाभण मादी आपल्या विण्याच्या जागी जाते. हिला विण्याची जागा ही माहीत आहे. ती नाही चुकली, मी चुकलो."

"मग आता?"

"आता जागा न्यायची."

मला वाटलं बोलतात नुसतं. पण त्यांनी कोयता घेतला आणि गोठ्याच्या मागच्या बाजूने सुंभ तोडायला सुरुवात केली. गोठा बांबूचा आणि झावळ्यांचा, त्यात चार रेनडिअरचं काही नव्हतं. मी आधी ओरडले, मग बांबू धरला, कारण एकीकडून सुटलेला गोठा दुसरीकडून माझ्या डोक्यावर आला असता. गव्हाण, म्हणजे गाय वैरण खाते ती लाकडी पेटी, तिच्या शेणाच्या वासासकट आम्ही भाड्याने बोलावलेल्या टेम्पोत घातली. जमिनीवरची गवताची गादीही भरली. तांबूने आपलं घर जाताना बघितलं आणि टेम्पोच्या मागे चालू लागली. बाकीची तिच्या मागे. मी टेम्पोत गव्हाण धरून बसले होते आणि कोणी ओळखीचं दिसलं की तोंड फिरवत होते.

संध्याकाळपर्यंत कातळावर गोठा उभा राहिला, तोंड तेच, पूर्वेला. शेजारी काकांनी दुबेळक्याचे, म्हणजे टोकाला फाटा असलेले, तीन वासे एकमेकांत अडकवून त्यावर निळी ताडपत्री ओढली. खुंट्या नाहीत, कारण कातळात खुंटी जात नाही. ते म्हणाले की बर्फातही जात नाही, म्हणून तर तसं बांधतात. माझ्या आयुष्यात त्यांची एवढी एकच गोष्ट मी स्वतः पारखून घेतली आहे. त्या रात्रीच्या वाऱ्यात खालच्या वाडीतले दोन पत्रे उडाले, ताडपत्री राहिली.

गुरं मात्र राहतील की नाही हा प्रश्न होता. राहिली. गवत होतं, वारा होता, माश्या नव्हत्या. एखादं सवयीने खाली उतरे, काका त्याच्या मागे मंडईपर्यंत जात आणि त्याच्याबरोबर परत येत. बिबट्यासाठी रात्रभर जाळ. मी रोज डबा घेऊन वर जायची आणि अर्थातच मोजायची. त्यांना दिसणार नाही अशी, डबा उघडता उघडता.

हरतालिकेच्या आदल्या दिवशी ट्रक वर आला. रस्त्यावर गुरं सापडेनात, तेव्हा कोणीतरी त्यांना वरचा पत्ता दिला. एक साहेब उतरले, तरुण, बुटांना चिखल लागू नये म्हणून उड्या मारत. माणूस वाईट नव्हता. त्यांना रस्ता मोकळा करायचा होता आणि रस्ता मोकळा करण्यासाठी गुरं ट्रकमध्ये घालायची होती.

"ह्यांचा मालक कोण?"

"मी," काका म्हणाले. गोठ्यात तांबूच्या कळा सुरू झाल्या होत्या, ते दारातच बसून होते.

"सगळ्यांचे?"

"सगळ्यांचा."

"किती आहेत?"

काकांनी तोंड तांबूकडे वळवलं.

"आजोबा, मालक आहात ना? मग आकडा सांगा. इतकी माझी आहेत, मी सांभाळतो, एवढं म्हणा. मी परत जातो. आकडाच माहीत नसेल तर मला ती बेवारस धरावी लागतील. ट्रक उभा आहे."

मी काकांना ओळखत होते. पोलीस आणले असते तरी ते बोलले नसते. ट्रकवरची माणसं दोर घेऊन उतरली आणि त्यातल्या एकाने जवळच्या खोंडाच्या मानेत दोर टाकलाही. खोंड बावळट, त्याला वाटलं मीठ आहे.

"काका, सांगा ना," मी म्हटलं. "एकदाच."

ते माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "वहिनी, ह्यांच्यासमोर नाही. कळपासमोर नाही."

तेव्हा मी साहेबांना म्हटलं, "साहेब, माझ्याबरोबर या जरा."

"कुठे?"

"तिकडे. कातळाच्या कडेला."

साहेबांना वाटलं मी त्यांना काही देणार आहे, ते आधी घाबरले आणि मग आले. उड्या मारत. आम्ही पार कडेला गेलो, गुरं वाऱ्याच्या उलट दिशेला राहतील अशा बेताने. तिथे मी त्यांच्या कानाजवळ तोंड नेऊन आकडा सांगितला. गायी वेगळ्या, बैल वेगळे, खोंड वेगळे, एकूण वेगळं. एवढंच नाही, सांभाळण्याची जबाबदारी माझ्या नावावर घ्या, असंही सांगितलं.

"हे तिथे सांगता आलं नसतं?"

"नाही."

"का?"

"पद्धत नाही."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, काकांकडे बघितलं, ओठ हलवत मनातल्या मनात गुरं मोजू लागले. माझा आकडा आणि त्यांचा आकडा जुळला हे त्यांच्या तोंडावर दिसलं. त्यांनी खिशातून फोन काढला आणि तो आकडा लिहून घेणार, एवढ्यात गोठ्यातून काकांची हाक आली. त्या माणसाला एवढ्या दिवसांत मी एवढ्या मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं.

"वहिनी! एक वाढवा!"

साहेब हसायला लागले. मी धावले. तांबू वासराला चाटत होती, कालवड होती, आणि काका तिच्या शेजारी कातळावर फतकल मारून बसले होते. डोळे पुसायला त्यांनी यजमानांचा बनियन घेतला होता. तो गुरांनी खाल्ला नव्हता तर.

खोंडाच्या गळ्यातला दोर सुटला. ट्रक रिकामा खाली गेला. साहेब कॉफी प्यायले, मिठाची, पूर्ण पेला. नोकरी करणाऱ्या माणसाला काय काय सोसावं लागतं.

दिवाळीनंतर सड्यावरचं गवत वाळलं तेव्हा कळप खालच्या कापलेल्या शेतांत उतरला आणि पुढे आंब्याच्या बागांत. बागवाल्यांना शेणखत हवंच असतं, ते बोलवायला येऊ लागले. तांबू कालवडीसकट घरी आली, गोठाही परत आपल्या जागी आला. हे सगळं काकांनी जमवलं. मग शिमगा झाल्यावर एका सकाळी ते आपलं बांधलेलंच सामान उचलून उभे राहिले.

"कुठे?"

"राजापूरकडे. तिकडेही रस्त्यावर बसतात म्हणे."

"इथे काय कमी पडलं?"

"दोन वर्षं झाली वहिनी. इथलं गवत संपलं." मग मला वाईट वाटलं असावं असं त्यांना वाटलं, कारण ते पुढे म्हणाले, "पुन्हा येतं. म्हणून तर सोडायचं."

खोली मी उघडून बघितली. खिळा नाही, डाग नाही, केरसुणी उभी. चुलीशी मात्र फोडलेल्या लाकडांची मोळी होती, पुढच्या माणसासाठी. मी ती काट्यावर ठेवली नाही.

त्यांच्याकडून अधूनमधून फोनवर फोटो येतो. रस्ता, गुरं, कधी नुसता पाऊस. खाली एक अक्षर लिहिलेलं नसतं.

यंदा आषाढात गोमाश्या वाढल्या, बागांतली गुरं पुन्हा मोठ्या रस्त्यावर येऊन बसू लागली आणि तांबूने दाव्याला हिसडे द्यायला सुरुवात केली. मी सोडली. ती कालवडीला घेऊन फाटकाबाहेर पडली, मोठ्या रस्त्याला गेली, आणि थोड्या वेळाने पुन्हा फाटकावरून सड्याकडे निघाली. तिच्या मागे एकेक करून सगळी. हाकायला कोणी नव्हतं. मी फाटकात उभी राहून शेवटचं शेपूट वळेपर्यंत बघत होते आणि मोजत होते. सवय कुठे जाते.

संध्याकाळी यजमानांचा मुंबईहून फोन आला. मी सगळं सांगितलं.

"आपोआप गेली? कमाल आहे. किती होती गं?"

"अहो, असं विचारायचं नसतं."

"मग काय विचारायचं?"

"गवत कसं आहे, विचारा."

"बरं. गवत कसं आहे?"

"चांगलं आहे," मी म्हटलं. "ह्या वेळी गणपतीला आलात की जरा जास्त दिवस राहा."